मेडिक्लेमचे कागद आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र

या व्याख्यानाचा विषय मालेच्या पत्रिकेत छापून आला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या शेजारचे एक निवृत्त मुख्याध्यापक कापडी पिशवी घेऊन आमच्याकडे आले. पिशवीत त्यांच्या घरातले आजारपणाशी संबंध असलेले यच्चयावत कागद होते. ते म्हणाले, "तुम्ही यावर बोलणार आहात ना? मग आधी हे पाहा, आणि यातले ठेवायचे काय आणि रद्दीत घालायचे काय, ते सांगा." त्यांच्या संमतीने ती पिशवीच आज आम्ही आपल्यापुढे उघडणार आहोत. नाव सांगण्याचे कारण नाही. पिशवीतून जे निघाले ते या मंडपात बसलेल्या पुष्कळांच्या कपाटात असेल, अशी आमची अटकळ आहे.

आरंभी दोन शब्द पूर्वेतिहासाचे. 'मेडिक्लेम' हे मुळात एका विशिष्ट पॉलिसीचे नाव. सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी ती १९८६ साली आणली, आणि त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात ८०-डी हे कलम घातले. आरोग्यविम्याचा हप्ता भरणाऱ्याला करात सवलत द्यावी, हा त्यामागचा हेतू. पुढे कंपन्या वाढल्या, पॉलिसींची नावे बदलली; परंतु आपल्याकडे कोणत्याही आरोग्यविम्याला आजही मेडिक्लेमच म्हणतात, तेव्हा आम्हीही तसेच म्हणू. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पूर्वी विवरणपत्राला पावत्या टाचून द्याव्या लागत. २००७ सालापासून ती पद्धत बंद झाली. आता आपण आकडा लिहायचा आणि सरकारने तो तूर्त खरा मानायचा. कागद आपल्या घरी राहतो. मात्र विचारणा झाली तर तोच दाखवावा लागतो. लोकांना ही मोठी सोय वाटते, आणि ती आहेही. पण टाचणी गेली तशी कागद वाचण्याची सवयही गेली, असा आमचा अनुभव आहे.

आता पिशवी. पहिल्याने निघाली ती पॉलिसीची चाळीस-एक पानी पुस्तिका. रुग्णालयात भरती होताना तिचा उपयोग. विवरणपत्राला तिच्यातले दोनच तपशील लागतात, कंपनीचे नाव आणि पॉलिसीचा क्रमांक. मग आयुर्विम्याच्या पावत्या निघाल्या. त्यांचे कलम निराळे, ८०-सी. त्या येथे मिसळू नयेत. मग अपघातविम्याचे एक पत्र. त्याला ८०-डीखाली वजावट नाही, कारण तो अपघाताचा विमा, आरोग्याचा नव्हे. एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेची ३,२०० रुपयांची रोख पावती होती. मुख्याध्यापकांनी ती निरुपयोगी म्हणून चुरगाळलेली होती. वस्तुतः प्रतिबंधक तपासणीचा खर्च वर्षाला एकूण ५,००० रुपयांपर्यंत या कलमात बसतो, आणि तो रोख दिला तरी चालतो. रोखीला मुभा आहे ती एवढीच.

बाकी सर्वत्र रोख वर्ज्य. हप्ता धनादेशाने, कार्डाने, यूपीआयने, बँकेतून, कसाही भरावा. नोटा मोजून देऊ नयेत. येथे आमचीच एक गोष्ट सांगतो. आमच्या मातोश्रींच्या विम्याचा हप्ता एका वर्षी मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही एजंटाच्या हातात रोख दिला. त्याने तो आपल्या खात्यातून ऑनलाइन भरला आणि दाखल्यावर तसे छापूनही आले. दाखला पाहून कोणालाही शंका आली नसती. पण आम्ही दिले होते ते रोखच, आणि खात्यातून गेले होते ते दुसऱ्याच्या. त्या वर्षीची वजावट आम्ही सोडून दिली. पुढच्या वर्षीपासून हप्त्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक महिना आधी लिहून ठेवतो.

मग निघाला तो खरा कागद. कंपनी दरवर्षी एक पानाचा दाखला देते, त्याच्या डोक्यावर '८०-डी' असे लिहिलेले असते. पॉलिसी कोणाच्या नावाची, विमा कोणाकोणाचा, हप्ता किती, कोणत्या तारखेला आणि कोणत्या मार्गाने भरला, हे सारे त्यात असते. मुख्याध्यापकांचा २०२४-२५ चा दाखला ४६,००० रुपयांचा होता. वय ७४, विमा त्यांच्या एकट्याचा. पत्नीला मूत्रपिंडाचा जुना विकार असल्याने तिला कोणी विमा दिला नव्हता. आम्ही सहज विचारले, "सर, हा हप्ता कोणत्या खात्यातून गेला?"

"मुलाच्या," ते म्हणाले. "तो बंगळुरूला असतो. माझे सगळे हप्ते तोच भरतो. गुणी आहे."

"आणि वजावट कोणी घेतली?"

"मी घेतली. पॉलिसी माझ्या नावावर आहे ना!" जरा थांबून ते म्हणाले, "त्यानेही घेतली असेल. कचेरीत दाखला हवा म्हणून त्याने माझ्याकडून फोटो मागवला होता."

पुष्कळ सज्जन मंडळी चुकतात ती येथे, म्हणून जरा थांबून सांगतो. पॉलिसी कोणाच्या नावाची हा कायद्याचा पहिला प्रश्न नव्हे. पैसे कोणी भरले, कोणासाठी भरले आणि कसे भरले, हे कायदा पाहतो. भरणाऱ्याने ते आपल्या करपात्र उत्पन्नातून भरलेले असावेत. कोणासाठी, याचे उत्तरही कायद्याने बांधून दिले आहे. एका गटात स्वतः, पती वा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले; दुसऱ्या गटात आईवडील, मग ते अवलंबून असोत वा नसोत. सासूसासरे नाहीत, भाऊबहीण नाही. जावयाने प्रेमाने सासऱ्यांचा विमा उतरवला तर ते पुण्य खरे, पण वजावट नाही. तोच हप्ता मुलीने आपल्या पगारातून भरला तर तिला ती मिळते. प्रत्येक गटाला वर्षाला २५,००० रुपयांची मर्यादा. गटात साठ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती असेल तर ५०,००० रुपयांची. दोन्ही गट मिळून फार तर १,००,०००. एकच हप्ता मुलाने आणि बापाने, दोघांनी, पुरा दाखवणे कोणत्याही अर्थाने बसत नाही. दोघांनी आपापल्या खात्यातून थोडाथोडा भरला असता तर ज्याने जेवढा भरला तेवढा त्याचा.

मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. चाळीस वर्षे मुलांच्या उत्तरपत्रिकांतली नक्कल पकडलेला माणूस. रिटर्न भरून देणाऱ्याने दाखला मागितला, यांनी दिला. खाते कोणाचे हे त्यानेही विचारले नाही, यांनीही सांगितले नाही. आम्ही म्हटले, आता हिशेब तरी करून पाहू.

२०२४-२५ सालचे त्यांचे निवृत्तिवेतन आणि बँकेचे व्याज मिळून ७,९६,००० रुपये. जुन्या करपद्धतीत प्रमाणित वजावट ५०,०००, ८०-सीची १,५०,०००, ज्येष्ठांच्या व्याजाची ५०,०००, आणि हा हप्ता ४६,०००. बाकी नेमके ५,००,०००. जुन्या पद्धतीत पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर माफ होतो, म्हणून त्यांचा कर शून्य आला होता. आता हप्त्याची वजावट काढा. उत्पन्न ५,४६,००० झाले, आणि माफी सगळीच गेली, कारण ती पाच लाखांच्या आत राहणाऱ्यालाच असते. तीन ते पाच लाखांवर पाच टक्क्यांनी १०,०००, वरच्या ४६,००० वर वीस टक्क्यांनी ९,२००, आणि त्यावर चार टक्के उपकर; एकूण १९,९६८ रुपये. एका कागदाने एवढा फरक पाडला होता.

वीस हजार रुपये ही निवृत्त माणसाला लहान रक्कम नव्हे. "गप्प बसलो तर?" असे त्यांनी विचारले नाही, पण विचारणारे पुष्कळ भेटतात, म्हणून सांगून ठेवतो. मुलाच्या आणि बापाच्या विवरणपत्रांत एकच पॉलिसी क्रमांक येऊ लागला की यंत्राला तो जुळवायला फारसा वेळ लागत नाही. आणि हा क्रमांक लिहिणे २०२४-२५ च्या विवरणपत्रापासून आवश्यक झाले आहे. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने खोट्या वजावटींसाठी देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. ज्या कलमांचा गैरवापर आढळला त्यांत ८०-डी होते आणि राज्यांत महाराष्ट्रही होता. त्यापूर्वीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी आपण होऊन १,०४५ कोटी रुपयांचे दावे मागे घेतल्याचे खात्याने त्या वेळी जाहीर केले. दंडाचे म्हणाल, तर उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल कराच्या पन्नास टक्के, आणि जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असे ठरले तर दोनशे टक्के.

मार्ग आहे. चूक सुधारण्याचे साधे विवरणपत्र त्या सालासाठी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच भरता येत होते. ती मुदत टळली. त्यानंतर 'अद्ययावत विवरणपत्र' म्हणून एक प्रकार आहे. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून अठ्ठेचाळीस महिन्यांपर्यंत ते भरता येते, पण जितका उशीर तितका भुर्दंड अधिक. पहिल्या बारा महिन्यांत कर आणि व्याज यांच्या पंचवीस टक्के, नंतर पन्नास, साठ आणि सत्तर. मुख्याध्यापकांच्या बाबतीत ३१ मार्च २०२७ च्या आत भरल्यास पंचवीस टक्के, म्हणजे ४,९९२ रुपये; कर धरून २४,९६०, आणि व्याज निघाल्यास ते वेगळे. "भरून टाकू," ते म्हणाले. एवढेच म्हणाले, आणि चहा घ्यायचा राहिला.

आम्ही त्यांना बसवून घेतले, कारण ३१ मार्च २०२६ रोजी संपलेल्या वर्षाचा विचार व्हायचा होता. तेथे निराळेच चित्र निघाले. त्या वर्षापासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर पडत नाही. मुख्याध्यापकांचे उत्पन्न आठ लाखांच्या आसपास. नव्या पद्धतीत ८०-डी मिळतच नाही. पण कर शून्य असल्यावर वजावट हवी कशाला? म्हणजे ज्या पिशवीसाठी ते आले, तिचा यंदा त्यांच्या स्वतःच्या विवरणपत्राला काडीचाही उपयोग नव्हता. या सभेतल्या बहुसंख्य निवृत्तांची स्थिती हीच असणार. आधी दोन्ही पद्धतींनी कर काढून पाहावा. नव्या पद्धतीत शून्य येत असेल तर पावत्यांसाठी डोके शिणवू नये. विमा मात्र चालू ठेवावा. तो करासाठी काढलेला नसतो.

मग ८०-डी आता कोणाच्या कामाचे? ज्यांचे उत्पन्न बारा लाखांच्या वर आहे आणि घराचे कर्ज, घरभाडे, ८०-सी अशा वजावटींमुळे ज्यांना जुनी पद्धत अजून परवडते, त्यांच्या. मुख्याध्यापकांचा मुलगा असाच. आम्ही त्याला तेथूनच दूरध्वनी लावला. त्याच्या बायकामुलांचा विमा कंपनीने उतरवलेला, हप्ता कंपनीच भरते. म्हणून पहिल्या गटात त्याला काही मागता येत नाही. पगारातून कापून घेतला असता तर तेवढा भाग मागता आला असता, आणि ही कपात पगारपत्रकात दिसते. दुसऱ्या गटात वडिलांचा हप्ता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो ३९,००० च आला, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा वस्तू व सेवा कर शून्य झाला. तो म्हणाला, "पण काका, यंदा कचेरीत पुरावे द्यायची फेब्रुवारीची तारीख माझ्याकडून चुकली. फॉर्म सोळामध्ये हे धरलेलेच नाही."

त्याने काही बिघडत नाही. मालकाला पुरावा देणे हे दरमहा कर कमी कापला जावा यासाठी. फॉर्म सोळात नसलेली वजावट विवरणपत्रात मागता येते, जादा कापलेला कर परत मिळतो. मालकाने नव्या पद्धतीने कर कापला असला तरी पगारदाराला विवरणपत्र भरताना जुनी पद्धत निवडता येते. अट एकच, ते मुदतीत भरले पाहिजे. पगारदाराची मुदत सर्वसाधारणपणे ३१ जुलै. ती चुकली की जुनी पद्धत त्या वर्षापुरती बंद, आणि तिच्याबरोबर ८०-डीही. धंदा-व्यवसाय असणाऱ्यांचे नियम याहून कडक आहेत. त्यांनी हिशेबनिसाला विचारावे.

फॉर्मविषयी दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. अगदी आरंभी एक प्रश्न येतो: नव्या करपद्धतीतून बाहेर पडावयाचे आहे काय? प्रश्न उलटा असल्याने पुष्कळ लोक घाईत 'नाही' म्हणतात, आणि मग ८०-डीचा रकाना सापडत नाही म्हणून संगणकाला दोष देतात. जुनी पद्धत हवी असेल तर तेथे 'हो' म्हणावयाचे. पुढे ८०-डीच्या तक्त्यात स्वतःच्या गटाबद्दल विचारतात की कोणी ज्येष्ठ नागरिक आहे काय, आणि उत्तरे तीन असतात: हो, नाही, आणि या गटासाठी वजावट मागत नाही. मुलाने तिसरे निवडायचे, आणि आईवडिलांच्या गटाला 'हो'. येथे चुकून 'नाही' पडले तर मर्यादा पन्नासाची पंचवीस हजार होते. त्याखाली हप्ता, प्रतिबंधक तपासणी आणि वैद्यकीय खर्च असे वेगळे रकाने असतात. सगळे एकत्र करून एकाच रकान्यात लिहू नये. शेवटी तीस दिवसांत ओटीपीने पडताळणी करावयाची; ती राहिली तर भरलेले विवरणपत्र न भरल्यासारखे.

तीन वर्षांचा हप्ता एकदम भरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. तो सगळा एका वर्षी दाखवता येत नाही. विमा जितक्या आर्थिक वर्षांत चालू राहणार तितक्या समान भागांत तो वाटायचा. वर्षाच्या मध्ये सुरू झालेली दोन वर्षांची पॉलिसी तीन आर्थिक वर्षांना स्पर्श करते, म्हणून भागही तीन. भरल्या वर्षी सारा आकडा टाकला की चूक, आणि पुढच्या वर्षी आपला हिस्सा विसरला की नुकसान. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण मार्च २०२६ पर्यंतच्या वर्षाचे विवरणपत्र जुन्याच कायद्याखाली भरावयाचे आहे.

त्या 'वैद्यकीय खर्च' नावाच्या रकान्यापाशी आम्ही थांबलो. हा रकाना थोड्यांनाच ठाऊक असतो. ज्या ज्येष्ठ नागरिकाचा आरोग्यविमा नाहीच, त्याच्या औषधपाण्याचा खर्च याच ५०,००० च्या मर्यादेत धरता येतो. २०१८-१९ सालापासून ही सोय साठ वर्षांवरील सर्वांना मिळाली. विमा कंपन्या ज्यांना दारातून परत पाठवतात त्यांच्यासाठीच ती आहे म्हणा ना. एका घरात वडिलांचा विमा आणि आईचा नाही, असे असले तरी चालते. वडिलांचा हप्ता आणि आईचा खर्च, दोन्ही मिळून पन्नास हजार. खर्च मात्र रोख नको, आणि जो वजावट मागणार त्यानेच तो केलेला हवा.

आम्ही मुलाला विचारले, "आईची औषधे कोण आणते?"

पूर्वी वडील आणत, कोपऱ्यावरच्या दुकानातून, रोख पैसे देऊन. म्हणूनच २०२४-२५ साली तो खर्च त्यांच्याही उपयोगी पडला नाही. पण ऑक्टोबर २०२५ पासून मुलगा बंगळुरूहून दर महिन्याला औषधे मागवत होता, पैसे आपल्या कार्डाने देत होता, आणि पुडके घरी येत होते. महिन्याला २,३०० रुपये. मार्चअखेर सहा महिन्यांचे १३,८००. हप्त्याचे ३९,००० धरल्यावर मर्यादेत ११,००० ची जागा उरत होती. ती पुरी भरली. तीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून या ११,००० वर ३,४३२ रुपये, आणि साऱ्या पन्नास हजारांवर १५,६०० रुपये मुलाचे वाचत होते.

"पण बिले?" मुख्याध्यापक म्हणाले. पिशवीत ती नव्हती. त्यांनी आमच्या गॅलरीतून आपल्या घराकडे हाक मारली. पलीकडून बाईंनी विचारले, "पुडक्यात येतात तीच ना पिवळी कागदं?" ती त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, रबर लावून, महिनावार ठेवलेली होती. रोग्याचे नाव, तारीख आणि मुलाच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे प्रत्येकावर छापलेले. सहाच्या सहा होती. मुख्याध्यापकांनी चष्मा लावून ती टेबलावर मांडली, एकेकाचा फोटो काढून मुलाला पाठवला, आणि मूळ कागद पुन्हा त्याच डब्यात, त्याच रबरात घालून घरी नेले.